पप्पा प्यायले नव्हते

परवाच्या श्रावणी सोमवारी, दुपारी, बदलापूरला स्नेहलच्या घरी मी पप्पांचा दंड धरून ओरडलो, "परत पिऊन आलात ना?" ... त्या एका वाक्याने सगळं बदललं.

स्नेहलवर माझं चार वर्षांपासून प्रेम आहे. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, आणि मी सेकंड इयरला कॉलेज सोडलेला. तिचे वडील माझं नाव काढू देत नव्हते. शेवटी म्हणाले, "वडिलांना घेऊन ये, बघू." त्यांना सुट्टी नेमकी सोमवारीच.

पप्पांचा श्रावणी सोमवार कडक. संध्याकाळी अंबरनाथला शिवमंदिरात दर्शन होईपर्यंत तोंडात काही नाही.

आधी बरं चाललं होतं... मग पप्पा स्नेहलला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. जीभ जड, फॅन फुल असून शर्ट घामाने भिजलेला. चहा पुढे केला तर कपच ढकलून दिला.

स्नेहलचा भाऊ हसला. "काका दुपारीच सुरू करतात वाटतं."

झालं, माझी सटकली. पप्पांनी दारू सोडून सहा वर्षं झालीत. ते कधीकाळी प्यायचे हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं... ते मीच ओरडून सांगितलं.

स्नेहलने पप्पांच्या मानेला हात लावला, तोंडाजवळ जाऊन वास घेतला. मग माझ्याकडे वळली. "सकाळी शुगरची गोळी घेतली का यांनी?"

"घेतली. गोळीने उपास मोडत नाही म्हणाले."

"अरे गधड्या, प्यायले नाहीयेत. शुगर उतरलीय. मेंदूला साखर पोचत नाहीये, म्हणून असं बोलतायत."

तिने साखरेचं पाणी आणलं. पप्पांनी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "साखर उपासाला चालते, काका." तेवढं मात्र त्यांना कळलं... घोट घोट करत प्यायले.

पंधरा मिनिटांनी पप्पांनी मला विचारलं, "आपण इथे कधी आलो रे?" सकाळचं जेवण चुकलं, तर माणूस एवढा हरवतो? आणि मी त्याला दारुडा म्हणत होतो...

स्नेहलच्या वडिलांनी हळूच विचारलं, "आधी घ्यायचात का तुम्ही?"

पप्पा सावरून बसले. "घ्यायचो. सोडली."

तिचे वडील म्हणाले, "बरं. कळवतो आम्ही."

स्नेहलने माझ्या हातात केळी दिली. "ही खायला घाल आणि सरळ डॉक्टरकडे ने. परत उतरू शकते."

घरात कुणी शुगरची गोळी घेत असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि माणूस बडबडायला लागला तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून घाम आलाय का बघा... मी नाही लावला.

तिच्या घरून अजून काही कळवलेलं नाही. नाही म्हणाले तरी माझे पप्पा तिने परत दिले, हे मी विसरणार नाही.

त्या दुपारी निघताना एवढंच "चला पप्पा," म्हणालो. त्यांना चप्पल घालून दिली, बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.