दहा विजयांची यादी

जगातल्या हेवीवेट चॅम्पियन लोकांच्या सगळ्यात मोठ्या दहा विजयांची यादी माझ्या अक्षरात आहे, आणि मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ती लिहिली आहे. मी शाळेत शिकवायचे, अक्षर वळणदार, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. आकडे लाल शाईनं, मजकूर निळ्या. दोन नंबरच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी खोडलेलं आहे, कागद उजेडात धरला तर अजून वाचता येतं. ते मी लिहिलं होतं आणि माझ्या भावानं खोडलं होतं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई-वडील वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानं गेले तेव्हा तो अकरावीत होता आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते. मग पनवेलच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. त्याची उंची सहा फुटांच्या वर, अंगानं रेड्यासारखा, आणि बोलायला मुलखाचा मुखदुर्बळ. कोणी विचारलं, काय रे, कितवीला तू, की उत्तर मी द्यायचे. दुकानात, बँकेत, कॉलेजच्या खिडकीवर, सगळीकडे. लोक म्हणायचे, अगं त्याला बोलू दे की. मी म्हणायचे, तो बोलेपर्यंत दुकान बंद होईल. माझी ही खोड लक्षात असू द्या.

त्याला बॉक्सिंगला नेलं ते मास्तरांनी. मास्तर उरणकडचे आगरी, न्हावा शेव्याला बंदरात क्रेनवर कामाला, आणि संध्याकाळी एका पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवायचे. त्यांनी भावाला रस्त्यात बघितलं आणि हाताला धरून नेलं. म्हणाले, एवढा मानूस वाया घालवायचा नाय. आपल्याकडे हेवीवेटला माणसंच मिळत नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धेत हा रिंगमध्ये चढायचा, समोर कोणी यायचंच नाही, पंच याचा हात वर करायचे आणि गोल्ड मेडल गळ्यात. आमच्या शोकेसमध्ये चार मेडलं होती, त्यातली तीन अशी फुकटची. मी त्याला चिडवायचे, तुझा सगळ्यात मोठा विजय म्हणजे रिकाम्या कोपऱ्यावरचा. तो नुसता हसायचा.

त्याच मेडलांवर तो एका सरकारी ऑफिसात खेळाडू म्हणून लागला, पण टेंपररी. दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर. पोस्टमन जिन्यात दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जायचे, आता पाकिटातून काय निघतंय म्हणून. अशी तीन वर्षं काढली आम्ही.

आमच्या खालच्या मजल्यावर चाचा राहायचे. आखातात उभी हयात काढून परत आलेले. येताना व्हीसीआर आणला आणि खोकंभर बॉक्सिंगच्या कॅसेटी. त्यांच्या घरातले कुरकुरायचे, लोक सोनं आणतात, ह्यांनी हाणामारी आणली. रविवारी जेवणं आटोपली की भाऊ खाली चाचांकडे. मी भाजी निवडायला घेऊन मागोमाग. चाचा म्हणायचे, "बेटी, बस, पण मधे बोलायचं नाय." मी बोलायचेच.

यादीची कल्पना चाचांची. चॅम्पियन तर बरेच झाले, पण कोणाचा कोणता विजय सगळ्यात मोठा, ते एकदा ठरवून टाकू म्हणाले. मग चार-पाच रविवार त्यांचं तेच चाललं. चाचांचं म्हणणं, कोणाला हरवलं ते बघायचं. भावाचं म्हणणं, किती मार खाऊन हरवलं ते बघायचं. एरवी चार वाक्यं न बोलणारा माझा भाऊ तिथे वकिलासारखा भांडायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक नंबरवर दोघांचं एकमत होतं. उतरणीला लागलेला एक जुना चॅम्पियन, समोर तरणाबांड बैल. जुना सात राउंड दोरांना टेकून मार खात राहतो, बैल मारून मारून दमतो, आणि आठव्या राउंडला हा त्याला आडवा करतो. भावाला तो सात राउंडांचा मार तोंडपाठ होता. जेवताना सांगायला लागला की घास हातातच राहायचा.

दोन नंबरला खरं भांडण झालं. ती उकाड्यातली मॅच. दोघंही एकमेकांना मारून अर्धमेले झालेले. चौदा राउंड झाले, शेवटचा एक राहिला. एकाचे डोळे सुजून मिटलेले, पण तो उठायला बघतोय. त्याच्या कोपऱ्यात त्याचा म्हातारा गुरू आहे. तो त्याला उठूच देत नाही. पंचांना सांगतो, बास झालं. समोरचा जिंकला.

मी मेथी निवडत होते. म्हणाले, "एक नंबर ह्या म्हाताऱ्याला द्या. पोरगं जिवंत घरी तर गेलं."

चाचा हसले. भाऊ हसला नाही. "ताई, यादी जिंकणाऱ्यांची आहे," तो म्हणाला. "ह्यानं त्याच्या तोंडचा घास काढून घेतला. एकच राउंड राहिला होता. मी असतो तर त्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलं नसतं पुन्हा."

त्याचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मलाही चेव आला. मी दोन नंबरखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'कोपऱ्यातला म्हातारा'. त्यानं उठून माझ्या पर्समधलं खोडरबर घेतलं आणि कागद फाटेल की काय इतकं घासलं.

त्याच हिवाळ्यात ऑफिसच्या साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, राज्य स्पर्धेचं मेडल आणा, परमनंटची फाईल मी हलवतो. राज्याला मात्र समोर माणसं येतात, आणि तीही मारणारी. मास्तरांनी सरावासाठी तळोज्याच्या एका कारखान्यातला गडी आणला, भावाइतकाच दांडगा. आणि माझ्या शहाण्या भावानं काय करावं? दोरांना टेकून उभा राहायचा आणि मार खायचा. मास्तर ओरडायचे, अरे हात चालव, ह्यो काय खेळ हाय का. पण त्याच्या डोक्यात एक नंबर बसला होता.

स्पर्धेला बारा दिवस असताना त्याच्या कानशिलाजवळ एक ठोसा बसला. पडला, उठला, आणि मास्तरांना विचारलं, आज वार कोणता. मास्तरांनी त्याला स्कूटरवरून घरी आणून सोडलं. मला म्हणाला, काही नाही गं, जरा डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला. आमच्याकडे पाणी तासभर यायचं, तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या भरायच्या. नळ नुसता सोडून ठेवणं आमच्या घरात पाप होतं. ओरडायला म्हणून मी दारापाशी गेले आणि आतून त्याच्या उलटीचा आवाज ऐकला. मला कळू नये म्हणून त्यानं पाणी सोडलं होतं. ओठावर आलेलं बोलणं मी गिळलं आणि परत ओट्याशी गेले. तीन दिवस असंच चाललं.

रविवारी चाचांकडे त्यानं यादीतला तिसरा आणि चौथा नंबर उलटा सांगितला. चाचांनी सुधारलं, तर म्हणाला, हो हो, तेच म्हणतोय मी. चाचांनी मला दारात गाठलं. "बेटी, मला हे ठीक दिसत नाही. परवा जिन्यात मला सलाम केला. पाच मिनिटांनी पुन्हा केला, पहिल्यांदा भेटल्यासारखा."

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. भाऊ ऑफिसात होता. चहाला हात न लावता म्हणाले, "ताई, ह्या खेपेला त्याला उतरवू नका. डोक्याला लागलंय. दोन-तीन महिने तरी नाय खेळायचं, आमी बघितलीत अशी पोरं. मी नाय म्हटलं तर तो दुसऱ्या क्लबातून उतरंल. तुमचं ऐकंल. डॉक्टरला खरं काय ते सांगा, तो सर्टिफिकेट देनार नाय, विषय मिटला."

मी बघते म्हणाले.

काय बघायचं होतं त्यात? पण ऑर्डर दोन महिन्यांत संपत होती. पुढच्या वर्षी ते साहेब असतील का, कोणी सांगावं. आणि मी थकले होते. माझी तिशी उलटून गेली होती, आलेली स्थळं मी 'भावाचं मार्गी लागू दे' म्हणून परत पाठवली होती, आणि आता येणंच बंद झालं होतं. ती परमनंट ऑर्डर मला त्याच्याइतकीच हवी होती. जास्तच असेल. एक मॅच, मग आयुष्यभर विश्रांती, असं मी स्वतःला सांगितलं. एकच राउंड राहिला होता.

डॉक्टर आमचे नेहमीचेच. फॉर्म भरता भरता मान वर न करता त्यांनी विचारलं, "महिनाभरात डोक्याला मार? चक्कर? उलटी?"

भावानं माझ्याकडे बघितलं, लहानपणापासून बघायचा तसंच. तो मला खोटं बोल म्हणत होता की खरं सांग म्हणत होता, हे मला आजही ठरवता येत नाही. मी थांबले असते तर कदाचित तोच बोलला असता. मी थांबले नाही.

"नाही हो डॉक्टर," मी म्हणाले. "ठणठणीत आहे. जेवतो किती ते बघायला या एकदा."

डॉक्टर हसले आणि शिक्का मारला. पायऱ्या उतरताना भाऊ म्हणाला, "बरं झालं ताई, तूच बोललीस." कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावरून एवढी भांडलेली मी, त्या दिवशी भावाच्या कोपऱ्यात मीच बसले होते.

स्पर्धेला मी गेले नाही, शाळेत परीक्षा होत्या. मास्तरांनी नंतर सांगितलं ते एवढंच. फायनलला तो शेवटच्या राउंडला दोरांना टेकला, खूप मार खाल्ला, मग हात चालवले, पॉइंटवर जिंकला. समोर खरा माणूस उभा असताना मिळवलेलं त्याचं हे सगळ्यात मोठं मेडल. परतीच्या टेंपोत ते गळ्यात घालून झोपला. खोपोलीपाशी मास्तर त्याला चहाला उठवायला गेले तर उठेना.

मुंबईच्या हॉस्पिटलात डोक्याचं ऑपरेशन झालं. अठरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. अकराव्या दिवशी कपडे बदलायला मी पनवेलला आले, तर जिन्यात पोस्टमन. परमनंटची ऑर्डर होती. मी सही केली आणि पाकीट घेतलं.

हात-पाय सुधारले त्याचे. शाळेतलं सगळं आठवतं, आई आठवते, वडिलांच्या खोकल्याचा आवाज सुद्धा करून दाखवतो. पण त्यानंतरची सात-आठ वर्षं गेली ती गेलीच. मास्तर आठवत नाहीत, मेडलं कोणाची म्हणून विचारतो. नवीन सांगितलेलंही दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. ऑफिसनं मात्र सांभाळलं. रेकॉर्ड रूममध्ये बसून फायलींना नाड्या बांधतो, सोबतचे लोक संध्याकाळी घरापर्यंत आणून सोडतात.

वर्ष उलटल्यावर चाचाच म्हणाले, रविवारचं पुन्हा चालू करू, त्याला बरं वाटेल. आम्ही खाली गेलो. चाचांनी हाताला लागली ती कॅसेट लावली, ती नेमकी उकाड्यातली निघाली. भाऊ पुढे सरकून बसला. पहिल्याच राउंडला मला विचारलं, "ताई, कोण जिंकतो गं?"

माझी जीभ कुठली थांबायला. मी सांगून टाकलं.

तो खट्टू झाला. "सांगितलंस कशाला? मजाच घालवलीस."

पुढच्या रविवारी चाचांनी विचारलं, कोणती लावू. त्यानं खोक्यातून स्वतः काढून दिली ती तीच. पहिला राउंड सुरू झाला आणि तो माझ्याकडे वळला. "ताई, कोण जिंकतो गं?" चाचांनी रिमोट खाली ठेवला.

"बघ की," मी म्हणाले.

त्यानं चौदा राउंड मुठी आवळून बघितले. मग तो म्हातारा आला, त्यानं पोराला उठू दिलं नाही, पंचांना बास म्हणून सांगितलं. मी भावाकडे बघत राहिले. आता भडकेल, आता म्हणेल एकच राउंड राहिला होता. मनातून मला तेच हवं होतं.

त्यानं मुठी सोडल्या. "बरं केलं," तो म्हणाला. "मेला असता तो." आणि थोड्या वेळानं, "कोण असेल गं तो म्हातारा? घरचंच कोणी असणार."

"असेल," मी म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा असेल म्हणाले.