मेलेल्या राजाचा वन्समोअर

शोकांतिका माणसाचं अंतःकरण धुऊन काढते आणि नियतीपुढे ताठ उभं राहायला शिकवते. एवढं लिहून मी आडवा होतो. वरणभात जरा जास्त झालाय. संध्याकाळी वाचनालयात गायकनट रंगनाथबुवांच्या स्मृतिदिनी बोलायचंय. विषय, 'संगीत हट्टकेसरी'चा शेवट आणि बोध. बायको, कुमुद, खिडकीचा पडदा ओढते. पंख्याची घरघर लांब लांब जाते.

पडद्यापलीकडे दवाखान्याचं बाकडं आहे. त्यावर रंगनाथबुवा बसलेत, राजाच्या पोशाखात, तोंडाला रंग, हातात नंबराचा बिल्ला. वारून सहा वर्षं झाली, अजून नंबर आलेला दिसत नाही.

"काय टीकाकार, आज माझ्यावर बोलणार म्हणे?"

"नाटकाच्या शेवटावर, बुवा."

"तो मी तीनशे वेळा केलाय. सांग बघू."

"राजा मुलाला सुळाची शिक्षा देतो. मग पस्तावतो, माफीची चिठ्ठी धाडतो. ती उशिरा पोचते, राजा विष पितो. बोध असा, की गर्व वाईट."

"कसला गर्व! तुरुंग महालाच्या मागेच होता. स्वतः गेला असता तर पोचला असता. पण पोराच्या तोंडावर 'चुकलो' म्हणायची लाज वाटली, म्हणून चिठ्ठी."



बुवांचं गाजलेलं पद विष प्याल्यानंतरचं. लोक वन्समोअर मागत, की मेलेला राजा उठून ते पुन्हा म्हणे आणि पुन्हा मरे. मी परीक्षणात छापलं होतं, 'महाराजांना विष लागू पडत नाही, मात्रा वाढवावी.' गाव महिनाभर हसलं. त्यानंतर बुवा कधी उठले नाहीत. लोक ओरडत, हे पडून राहत. पुढे किती वर्षं मी माफी मागायचं ठरवत होतो. शेवटी पत्र लिहिलं. त्यांचं घर तीन गल्ल्या सोडून. मी ते टपालानं पाठवलं.

"मिळालं का पत्र?" मी विचारतो.

"मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आलं. घरात सुतक. अक्षर चांगलं होतं म्हणे."

बाकड्याच्या फळ्या रुंद होत जातात. आता तो रंगमंच आहे. बुवा आडवे झालेत, मी विंगेत उभा. पेटी वाजतेय. समोरच्या काळोखातून आरोळी येते, "वन्समोअर!"

बुवा ओठ न हलवता पुटपुटतात, "उठू का रे?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? अडवलंयस तूच."

मी विंग सोडून पुढे जातो. सगळे बघतायत.

"उठा, बुवा. माझं चुकलं."

"मग हात दे. गुडघे गेलेत."

मी ओढतो. मुकुटासकट बुवा भलतेच जड. ते उभे राहतात, सूर लागतो, आणि पंखा डोक्यावर घरघरू लागतो.

पाच वाजलेत. माझ्या तळहातावर लालसर रंगाचे चार पट्टे आहेत, जाड बोटांचे. वास रंगपटातल्या खोबरेलाचा.

"कुमुद, हे बघ."

ती चष्मा लावते. बराच वेळ बघते. मग माझ्या तोंडाकडे बघते.

"तेवढा तो हात उशीला पुसू नका," ती म्हणते, "अभ्रा आजच बदललाय."