उसाच्या घरात साखर

आमच्या निपाणीजवळच्या गावात घराच्या चारी बाजूंनी ऊस, आणि मला सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोड बंद. गरोदरपणातली साखर वाढली होती. ताब्यात ठेवली नाही तर बाळाला धोका, त्याच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी कुठली शांत राहते! रोज बोटाला सुई टोचायची, यंत्रातला आकडा बघायचा आणि जीव मुठीत धरून बसायचं.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, हे काही पटेना. डोहाळे पुरवले न्हाईत तर बाळाचे कान फुटतात, हे त्यांचं शास्त्र. बिनसाखरेचा चहा मागितला की त्यांचं तोंड उतरायचं. एकदा त्यांनी भाकरीत गूळ लपवून वाढला. मी ताट सरकवलं, त्या गाल फुगवून बसल्या, आणि दोन्हीकडून मार खाणारा मृदंग, म्हणजे माझा नवरा, गुपचूप गोठ्याकडं सटकला. मग माझा तोल गेला. बाळाच्या डोक्याचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही भरून देणार का, असं मी तोंडावर विचारलं. पुढच्या तपासणीला मात्र आत्ती माझ्याआधी चपला घालून दारात उभ्या, आणि दवाखान्यात त्यांनी प्रश्न विचारून विचारून डॉक्टरीणबाईंचा घसा सुकवला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. सगळी भावकी जमली. आमच्यात दोन झाकलेल्या वाट्या पुढं ठेवतात. एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते खायचंच. नाही म्हणायची सोय नाही.

मी देवाचं नाव घेऊन झाकण काढलं. आत काकडीच्या फोडी.

चुलत सासूनं झडप घालून दुसरी वाटी उघडली. तिच्यातही काकडी. ती वैतागली, "हे काय गं आक्का? आता पोरगा का पोरगी, कळायचं कसं?"

आत्तींनी पदर खोचला. "काय बी असू दे. लेकराचं डोस्कं धड आन् हिचा जीव धड, एवढं बास."

मला रडूच फुटलं. बायका हळहळल्या, बिचारीला पेढा मिळाला न्हाय म्हणून रडतीया. मी रडत रडत दोन्ही वाट्या संपवल्या.