राजूरच्या गटातलं गाव

पावसाच्या आकड्यांवरून गावांचे गट पाडणं ही माझी नोकरी. पाडतो खरं तर संगणकच. पावसाळ्यात कुठे किती दिवसांचा खंड पडतो, हे तो अनेक वर्षांच्या नोंदींतून पाहतो आणि एकसारखी गावं एका गटात टाकतो. त्या वर्षी पिण्याच्या पाण्याच्या टँकरची यादी याच गटांवरून लागणार होती.

आमचं गाव पाथर्डीकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. संगणकाने ते नेऊन बसवलं राजूरच्या, भरपूर पावसाच्या डोंगरी गावांत. मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, की असं असेल तर गावाला टँकर मिळणार नाही. आणि गावचा पाऊस मोजतात माझे वडील.

रविवारी घरी गेले. पर्जन्यमापक शाळेच्या मागे, कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचं कांद्याचं रान. पावसाने दडी मारली की तो बोअरवर स्प्रिंकलर लावायचा, आणि वाऱ्याबरोबर फवारा थेट मापकात.

"अण्णा, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं की. पर बाटलीत जेवढं आसंल तेवढं लिवायचं, आपलं डोकं लावायचं न्हाई, आसं सायबानं सांगितलेलं."

माझं डोकंच फिरलं. राग त्यांचा आला की त्या साहेबाचा, हे अजून ठरत नाही.

खरा पाऊस कोणता आणि स्प्रिंकलरचा कोणता, हे आता वेगळं काढता येत नव्हतं. वरिष्ठांना कळवून मी आमच्या गावच्या पर्जन्यमापन केंद्राच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या आणि गावाला शेजारच्या केंद्राचे आकडे लावले. गाव लगेच कोरड्या गटात गेलं. यादीत नाव लागलं, टँकरही सुरू झाला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा अण्णा हंडे भरून नुकतेच ओट्यावर टेकले होते. मी काय केलं ते सांगून टाकलं.

"समदं काढलं?"

"सगळं."

त्यांनी शेजारच्या हंड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "एक दिस चुकविला न्हाई मी. तुजी आई गेली, तवा बी आदी पाऊस मोजून आलो हुतो."

ते मला चांगलं आठवत होतं. आईला घरात तशीच ठेवून ते मोजायला गेले, म्हणून वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या सकाळची नोंदही आता मीच पुसली होती.