टक्के बघू नका, काका

"घाई काही नाही, पण आत्ता पाहिजे."

हे वाक्य काकांच्या आधी दुकानात शिरायचं. काका अजून बाहेर पायरीवर, सायकल भिंतीला टेकवतायत, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली तसाच, आणि वाक्य आत. मग स्वतः यायचे, काउंटरच्या काचेवर उजवा पंजा सपाट ठेवायचे, आणि माझं काम संपेपर्यंत उचलायचे नाहीत. काका गेले की काचेवर पाच बोटं राहायची. ती पुसायचं काम माझं.

तुम्ही रत्नागिरीचे असाल आणि कधी एसटी स्टँडवर उभे राहिला असाल, तर तुम्ही त्यांना ओळखता. चेहऱ्याने नाही, आवाजाने. काका कंट्रोलर होते, गाड्या पुकारायचे. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. देवरूखला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आऽऽहे." तो 'आ' ते असा ओढायचे की गाडी खरंच रिव्हर्स घेतेय असं वाटायचं. त्या 'आ'वर मी शाळेची दोन गॅदरिंग मारून नेली. एकदा शहाणपणा करून स्टँडवरच खांबामागे उभा राहिलो आणि त्यांच्या आवाजात दापोलीची गाडी लावली. चार बायका पिशव्या उचलून धावल्या. काका खिडकी सोडून बाहेर आले, माझा कान धरला.

"मेल्या, दापोली सव्वाअकराला. आत्ता दहा वाजलेत. नक्कल करतोस तर टायमिंग तरी बरोबर ठेव!"

पुढे मी मारुती मंदिराजवळ मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलं आणि काका रिटायर झाले. त्यांच्या लेकीने पुण्याहून गिअरची सायकल पाठवली, सोबत हँडलवर लावायचं जीपीएस. काडेपेटीपेक्षा जरा मोठं. किती किलोमीटर झाले, किती चढ चढलात, कुठे आहात, सगळं दाखवतं. काका त्याला 'मशीन' म्हणायचे. रोज सकाळी मशीन लावून भाट्याच्या पुलावरून पावसच्या बाजूला जायचे आणि परत यायचे. फोन घरी. वजन नको म्हणून.

दोनेक वर्षांनी मशीन घेऊन माझ्याकडे आले.

"अर्ध्या वाटेत मरतंय रे. भाट्याच्या पुलावर जातंय आणि डोळे मिटतंय."

मी बघितलं. स्क्रीन एका कडेने उचललेली. आतली बॅटरी फुगली होती. "काका, आत वडा झालाय. ठेवून जा, चार दिवस लागतील."

दुसऱ्या दिवशी काका हजर. पंजा काचेवर. "अर्ध्या वाटेत मरतंय रे. भाट्याच्या पुलावर जातंय आणि डोळे मिटतंय." तेच शब्द, तसाच मध्ये उसासा. तिसऱ्या दिवशी परत तेच. आणि हे बोलता बोलता मशीन काढून दाखवायला सगळे खिसे चाचपत होते. मशीन माझ्या ड्रॉवरमध्ये.

मला वाटलं रिटायर माणूस, वेळ जात नाही, आपली फिरकी घेतायत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी त्याचा आयटम केला. तेच वाक्य तीनदा, तोच उसासा, शेवटी शर्टाचे, पँटचे, मग शेजारच्याचे खिसे चाचपायचे. पोरं चहा सांडेपर्यंत हसली. "परत कर, परत कर" म्हणाली. मी परत केला. हे लपवण्यात अर्थ नाही.

बॅटरीचं सांगतो. त्या मशीनची बॅटरी कंपनी सुटी विकत नाही. मापाला बसणारी, व्होल्टेज जुळणारी एक मी मिळवली. गरम हवा देऊन मशीनची पाठ सैल केली, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवत उघडली, फुगलेली बॅटरी जपून बाहेर काढली, कारण तिला टोचलं तर ती पेटते. नवीच्या तारा सोल्डरिंगचा डाग देऊन जोडल्या. पाणी शिरू नये म्हणून रबर नीट बसवलं. बटण दाबलं. चालू.

सगळं चालतंय का बघायला जुन्या राइड उघडल्या. प्रत्येक राइडची नकाशावर एक रेघ. पहिल्या वर्षीच्या रेघा छान होत्या. नाचणे रोडवरच्या घरातून निघाली, भाट्ये, फणसोप, गोळपचा कातळाचा सडा, पावस, आणि त्याच रस्त्याने घरी. मग मी अलीकडच्या बघायला लागलो. एकीत रेघ घराच्या गल्लीच्या तोंडाशी येते, गल्ली सोडून पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. मी मोजलं, सात वेळा. दुसरीत मारुती मंदिराच्या सर्कलला इतक्या फेऱ्या की सर्कल भरून गेलेलं. शेवटच्या महिन्यातल्या रेघा तर गळाचा दोरा गुंतावा तशा. आणि गुंता सगळा घराजवळच.

काका आले तेव्हा माझ्या तोंडाला कुठला धीर. "काय काका, घराला प्रदक्षिणा घालताय? नवस बोललात काय?"

काकांनी काचेवरचा पंजा उचलला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी मागे वळून बघितलं.

"गल्ली दिसते रे," ते म्हणाले. "माझीच आहे हे कळत नाही."

मी स्क्रू गोळा करत बसलो. दुसरं काय करणार?

"मग हे बटण दाबतो. बाण येतो. बाण सांगेल तिकडे जातो. दार येतं. दारात ही उभी असते. हिला बघितलं की सगळं जागच्या जागी येतं."

"काकूंना माहितेय?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. हिला कळलं की लेकीला कळणार. मग पुण्याला बाराव्या मजल्यावर. तिथे माणूस हरवत नाही. सोडतंच कोण बाहेर?" मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "दापोली विचार. अंजनवेल विचार. कुठल्या मार्गे, कुठे किती मिनिटं थांबा, सगळं सांगतो. पहिल्या दिवसापासूनचं टाइमटेबल पाठ आहे मला! आणि मेली ही नाचणे रोडची गल्ली..."

मी शब्द दिला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला काहीतरी सोपवलं म्हणून मी आतून फुगलो होतो, हेही खरं.

नवी बॅटरी एका बाबतीत खोटारडी निघाली. मशीन टक्के दाखवायचं ते जुन्या बॅटरीच्या अंदाजाने. साठ टक्के दाखवता दाखवता पटकन बंद पडायचं. मी तीनदा चालवून बघितलं. दोन तास टिकत होती, त्यापुढे भरवसा नाही.

"टक्के बघू नका, काका. पाऊण तास झाला की मागे फिरायचं."

"पाऊण तास. मागे."

"टक्के कितीही दाखवू दे."

"टक्के गेले खड्ड्यात."

शाळेत कविता घोकतात तसं पाचसहा वेळा घोकलं. मी म्हटलं, "मशीनच्या पाठीवर चिठ्ठी डकवतो."

"नको. पोरं बघतात, मशीन हातात घेतात. म्हाताऱ्याला चिठ्ठी लागते म्हणतील."

मी डकवली नाही. ज्या माणसाच्या डोक्यात स्वतःची गल्ली राहत नव्हती, त्याला मी तोंडी सांगितलं. आणि त्याने ते बरोबर म्हणून दाखवलं म्हणून खूश झालो.

अगदी वाऱ्यावर सोडलं नव्हतं हो. दुकान नऊचं, पण मी सहाच्या आधी येऊन शटर अर्धं वर करून बसायला लागलो. काका समोरून जायचे. मी ओरडायचो, "काका, टक्के?"

"बघायचे नाहीत!"

"कधी फिरायचं?"

"पाऊण तास!" आणि घंटी. मग ते परत जाईपर्यंत माझं एकाही मोबाइलमध्ये लक्ष लागायचं नाही. साडेसातला हेल्मेट परत दिसलं की मी चहा मागवायचो. महिनाभर हे चाललं.

एप्रिलमध्ये चुलतभावाच्या लग्नाला देवरूखला गेलो, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अकराला येऊन बघतो तर बंद शटरसमोर काकू उभ्या. चप्पल घरातली.

"हे आलेत का रे इकडे? सकाळी सहाला गेलेत."

मी काय म्हणालो असेन? "पंक्चर झालं असेल काकू. येतील."

"हो, तसंच असेल," काकू म्हणाल्या.

बाइक काढली. भाट्ये, फणसोप, गोळप, पावस, पुढे पूर्णगडापर्यंत गेलो आणि आलो. चहाच्या टपऱ्यांवर विचारलं. सायकलवाले काका कोणी बघितले नव्हते, किंवा रोज बघतात म्हणून आज बघितले की काल ते कोणाला सांगता येईना. दुपारी दोन वाजता पोलिसांत गेलो आणि तिथे पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढलं, की त्यांना घरचा रस्ता सापडत नाही. अकरापासून दोनपर्यंत मी हे पोटात ठेवून फिरत होतो. शब्द दिला होता ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. गोळपच्या सड्यावर, रस्ता सोडून खूप आत, जिथे नुसता कातळ आणि मधेमधे करवंदीची जाळी. काजू गोळा करायला आलेल्या बायकांना दिसले. मी पोचलो तेव्हा त्यांनी काकांना जाळीच्या सावलीत बसवलं होतं आणि ओल्या पदराने तोंड पुसत होत्या. ओठ फुटलेले. एका पायात बूट नाही, तळव्याची सालं निघालेली. एप्रिलातला कातळ तुम्हाला माहीत आहे, त्यावर भाकरी भाजेल. सायकल मागे कुठेतरी टाकलेली, पण मशीन मुठीत, अंगठा बटणावर. दाबत होते. स्क्रीन काळी.

"नाव काय, गाव काय, किती विचारलंव," त्यातली एक म्हणाली. "तर म्हणतात, पावस-रत्नागिरी साडेबाराला आहे, पण आज लेट आहे. आम्ही पयला हसलो हो. मग हसायचं नाय ह्ये कळलं."

मशीन मी नंतर चार्ज केलं. शेवटची रेघ उघडली. सड्यावर फाटा चुकून आत गेलेली, मग थोडी वळवळलेली, आणि संपलेली. बॅटरी तिथे गेली. तिथून पुढे दीड दिवस ते कुठे कुठे चालले, त्याची रेघ नाही.

सरकारी इस्पितळात काका सलाइन लावून झोपले होते. काकू बाहेर बाकावर. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. प्रदक्षिणेच्या रेघा, शब्द, बॅटरी, सगळं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "दारात कशाला उभी राहायचे रोज? पुढे निघून जातायत असं दिसलं तर हाक मारायला."

"मग मला का नाही बोललात?"

"तू का नाही बोललास?"

आतून कोणीतरी खोकलं. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं, दुसरंच कोणी होतं.

"मशीन चार्जिंगला मीच लावायचे," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या लक्षात कुठे राहायला. बंद पडलं तर हे घरी येणार नाहीत, हे मला कळत होतं ना. म्हणून सकाळी टक्के बघायचे. शंभर दिसले की मग दार उघडायचे. त्या दिवशी पण शंभर होते. म्हटलं, आता दुपारपर्यंत काळजी नाही."

टक्के बघू नका, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यांना सांगायला हवं होतं. काकू काही विसरत नव्हत्या.

काकूंनी मांडीवरच्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "जा तू, दुकान उघड," म्हणाल्या.

पायाची जखम भरली. बाकीचं भरलं नाही. ऊन डोक्यात गेलं म्हणा, नाहीतर जे हळूहळू व्हायचं होतं ते एकदम झालं म्हणा. काकूंना बघूनसुद्धा आता काही जागच्या जागी येईना. मे महिन्यात लेक गाडी घेऊन आली.

मी सामान ठेवायला गेलो. काकांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. गाडी त्यांच्याच फाटकासमोर उभी होती. खिडकीतून चिऱ्याच्या कुंपणाचा गडगा दिसत होता, तुळस दिसत होती, आणि पडवीत काकू कुलपाला किल्ली लावत होत्या. ती फिरत नव्हती. एवढ्या वर्षांत सगळे मिळून घर बंद करून कधी गेलेच नव्हते बहुतेक.

काका ते सगळं बघत होते, गाडीतून जाताना कुठलंही गाव बघावं तसं. मग त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मला जन्मात कधी 'मेल्या'शिवाय हाक मारली नव्हती.

"अहो," ते म्हणाले, "आमचं घर अजून किती लांब आहे?"

काकूंचं कुलूप लागलं. त्या पायऱ्या उतरायला लागल्या.

"आलंच," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली आणि नीट सावरून बसले. काकू मागे बसल्या. गाडी नाचणे रोडला लागली, हातखंब्याच्या बाजूला वळली. वळेपर्यंत मला काकांचं डोकं दिसत होतं. ते खिडकीशी वाकून एकेक दार बघत होते.