ही माहिती उपयोगी पडली का?

आमच्या कारखान्यात कपडे धुण्याची यंत्रं तयार होतात आणि प्रत्येक यंत्रासोबत जी पुस्तिका जाते ती प्रथमताई लिहितात. हे त्यांचं खरं नाव नव्हे. 'प्रथम प्लग काढावा, नंतर झाकण उघडावे' असली वाक्यं वर्षानुवर्षं लिहून त्या बोलायलाही तशाच लागल्या आहेत. "प्रथम बसा, नंतर चहा घ्या, मग काय भांडायचं ते भांडा," असं त्या मला रोज म्हणतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो. यंत्र मोडेपर्यंत चालवून बघणं हे माझं काम. पुस्तिका कुणी वाचत नाही हे माझं ठाम मत आहे आणि ते त्यांना ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नाही.

पुस्तिका न वाचणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द त्यांच्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्या, नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे बाबा दिवसभर घरात एकटे. त्यांचा फोन कचेरीत ठरलेला. "सूनबाई, लाल दिवा लागलाय." "बाबा, प्रथम नळ उघडा." "उघडाच आहे." "मग दार नीट लावा." "लावलं. गेला दिवा. आज उकाडा फार आहे, नाही?" ताई जागेवर नसल्या की ही ब्याद माझ्या गळ्यात पडे. मी वैतागून म्हणे, "बाबा, यंत्राला काही झालेलं नाही!" त्यावर ते शांतपणे, "बरं बरं. तुमचा खोकला काय म्हणतोय?"

अशात आमच्या साहेबांनी फर्मान काढलं. छापील पुस्तिका बंद, यापुढे सगळी मदत ऑनलाइन. ती तयार करायचं सॉफ्टवेअर ताईंनीच निवडायचं. अट एकच: एखाद्या साध्या गिऱ्हाइकाला कुणालाही न विचारता त्यातून उत्तर सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर लेखनाचं काम बाहेरच्या कंपनीला आणि ताई सुट्या भागांच्या गोदामात.

"नटबोल्टांना मी काय सांगू?" ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "प्रथम गोल फिरा?"

मग सुरू झाली निवड. चाचणीपुरती फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं त्यांनी एकेक करून उतरवून घेतली. पहिलं दिसायला देखणं, पण छपाईचा मजकूर वेगळा, मोबाइलचा वेगळा. नळाबद्दलचं एक वाक्य बदललं की तेच दहा जागी बदलत बसायचं. शिवाय जोडाक्षरांचे असे तुकडे पाडी की 'स्वच्छ' हा शब्द अपघातातून आल्यासारखा दिसे. दुसऱ्यात नाही असं काही नव्हतं. फक्त ते चालवायला जी मदत लागे ती आमच्या सगळ्या पुस्तिकांहून लांबलचक होती. ती वाचताना ताईंनी "लिहिलंय कुणी हे!" असं म्हणत कपाळावर हात मारला आणि मला उगाचच समाधान वाटलं.

तिसरं मात्र सरळ होतं. मजकूर एकदाच लिहा, तो सगळीकडे जातो. शोधा म्हटलं की शोधून देतं. प्रत्येक पानाखाली प्रश्न: 'ही माहिती उपयोगी पडली का?' आणि 'हो' किंवा 'नाही' दाबायची सोय. ताई खूश. साधं गिऱ्हाईक घरातच होतं. त्यांनी बाबांच्या मोबाइलवर ते घालून दिलं आणि बजावलं, "बाबा, आता काही अडलं तर इथेच बघा. मला फोन केलात तर परीक्षा फसेल. माझी नोकरी आहे."

बाबांचा फोन येणं बंद झालं. मी निवांतपणे काम करू लागलो. पण जेवणाच्या सुमाराला माझं लक्ष फोनकडे जाई आणि माझ्या खोकल्याची चौकशी कुणीच करत नाही याचा मला रागही येई.

निकालाच्या बैठकीला साहेबांनी भिंतीवर आकडे उघडले. 'हो' एकही नाही. झाडून सगळी पानं 'नाही'.

"बाई, अहो एका तरी पानाचा उपयोग?" साहेब म्हणाले. ताईंचा चेहरा उतरला. मला आयुष्यात प्रथमच एखादी पुस्तिका पास व्हावी असं वाटत होतं.

"गिऱ्हाइकानं काही लिहिलंय का, ते तरी बघा," मी म्हणालो. चाचणीची नोंदणी साहेबांच्या नावावर होती, त्यामुळे अभिप्राय त्यांच्याच मेलमध्ये येत होते आणि साहेब मेल उघडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते खाकरले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"पान, दार उघडत नाही. अभिप्राय: 'थोडं थांबलो, उघडलं. तू जेवलीस का?' पान, गाळणी साफ करणे. 'केली. तुझं हरवलेलं कानातलं सापडलं. खिडकीत ठेवलंय.' पान, यंत्र हादरते. 'आपलं हादरत नाही. तू लिहिलंयस म्हणून वाचलं.'"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो मीच होतो. साहेबांनी पुढचं वाचलं, पण आता हळू आवाजात. "'हो दाबलं की नुसतं धन्यवाद म्हणतं आणि निघून जातं. नाही दाबलं की काय झालं म्हणून विचारतं, लिहायला जागा देतं. म्हणून मी नाही दाबतो. उत्तर अजून आलं नाही. कामात असशील.'"

साहेबांनी चष्मा काढला, उगाच पुसला. "सॉफ्टवेअर हेच घ्या. सगळी उत्तरं सापडलीत त्यांना," ते म्हणाले. "आणि 'हो'च्या खालीही लिहायला जागा ठेवा."

ताई तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या. मी मागोमाग गेलो आणि निर्लज्जपणे कान देऊन ऐकलं.

"बाबा, मी बोलतेय. नाही, यंत्राचं नाही. जेवलात का तुम्ही?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. "हो बाबा," त्या शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "हे मी प्रथम विचारायला हवं होतं." आणि मग फोन माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमचा खोकला विचारतायत."