वह्या थंड करायला काशीला

"सरांच्या वह्या थंड करायच्या आहेत, येशील का?" काकूंनी फोनवर विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर थेट आमच्या प्रयोगशाळेतला फ्रीज आला. क्वांटम संगणकाचे क्युबिट थंड ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम, दुसरं काय येणार! मग काकूंनी सांगितलं, काशीत थंड करणं म्हणजे गंगेला देणं. सरांना पानापानावर 'श्री' लिहायची सवय, त्यामुळे रद्दीत देता येईना. सर म्हणजे मला काशीच्या विद्यापीठात उष्मागतिकी शिकवणारे प्राध्यापक, आणि काकू त्यांच्या पत्नी. पावसाळ्यात ते गेले, तेव्हा मी आले नव्हते. आता निघाले.

जानेवारीत जाणार असाल तर हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. धुक्यामुळे पुण्याहून माझं विमान चार तास उशिरा पोहोचलं. रिक्षा मैदागिन चौकात सोडते, पुढे दुर्गाघाटापर्यंत गल्ल्यांतून चालायचं. चाकांची बॅग मुळीच नेऊ नका. माझ्या बॅगेचं एक चाक गाईला वाट देताना निखळलं.

काकूंनी चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे केले होते, आणि घर मराठी असल्यामुळे वरून ओलं खोबरं. खाऊन आम्ही गच्चीत उन्हाला वह्या घेऊन बसलो. त्या सगळ्या वाचवायच्या असं मी ठरवूनच आले होते.

"कुठे ठेवणार, बेटा? इथे दीमक लागते," काकू म्हणाल्या. दीमक म्हणजे वाळवी.

शेवटच्या वहीत माझंच गणित निघालं. क्युबिट म्हणजे पाटी समजा. एक गणित झालं की ती पुसून पुन्हा शून्यावर आणावी लागते, आणि पुसताना थोडी उष्णता बाहेर पडतेच. ती किती, हे काढताना मी फ्रीजमधलं तापमान धरलं होतं. उत्तर इतकं नगण्य आलं की मी खूश! त्याखाली सरांचं अक्षर होतं: 'उष्णता फ्रीजमध्ये राहत नाही. ती ओढून बाहेर खोलीत टाकावी लागते. खोलीचं तापमान धर.'

छापण्याआधी मी माझा लेख सरांना पाठवला होता, तेव्हा हेच त्यांनी मला मेलवर कळवलं होतं. वाचून माझा पारा चढला होता. निवृत्त माणसाला आमच्या यंत्रातलं काय कळणार! महिन्याभराने कळलं की चूक माझीच होती. मी लेख दुरुस्त करून छापला. सरांचं नाव घातलं नाही आणि मेलला उत्तरही दिलं नाही. मला लाज वाटत होती. ही वही पाण्यात गेली की कुणालाही काही कळणार नव्हतं, आणि वाचवायला आलेली मी दुपारभर चकार शब्द बोलले नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर नाव केली. भाडं घाटावरच ठरवून घ्या, नावेत बसल्यावर घासाघीस होत नाही. शिंदे घाटासमोर नावाड्याने विचारलं, "माताजी, बीच धारा में रोक दें?" काकू एकेक वही कपाळाला लावून सोडत होत्या. कागद फुगून हळूहळू खाली जात होते. मला बघवत नव्हतं.

शेवटची वही माझ्या मांडीवर होती.

"दे ना," काकूंनी हात पुढे केला.

माझ्याच्याने देववेना. "काकू, यातलं उत्तर मी चोरलंय," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मग ही राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. नावाड्याला म्हणाल्या, "चलो भैया."

पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं ते नियतकालिकाला सगळं खरं लिहिण्याचं. त्यांनी शुद्धिपत्र छापलं: ही दुरुस्ती सरांची. वही माझ्या टेबलावर आहे, विद्यार्थी ती उघडून पाहतात. काशीहून एवढं तरी आणता आलं असं वाटून जरा हलकं वाटलं, आणि मी काकूंना फोन लावला.

"काकू, छापून आलं. सरांच्या नावाने."



"अगं, ते रोज विचारायचे, मुलीचा जवाब आला का म्हणून," काकू म्हणाल्या. "आता आलाय, तर कुणाला सांगू?"